चित्र काढता येत नाही, पण दिवाळीचं डिजिटल कोलाज करायचं आहे (५ × ७ कार्ड आणि व्हॉट्सॲप)

मांडवीकर

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या आमच्या मंडळासाठी दिवाळीचं भेटकार्ड करायचंय. ५ × ७ इंच, उभं, एका बाजूला छपाई, २०० प्रती. तेच चित्र व्हॉट्सॲपवरही जाईल. आमच्यात कुणालाच चित्रकला येत नाही, म्हणून फोटो कापून कोलाज करायचं ठरलंय. हाताशी साधा अँड्रॉइड फोन, लॅपटॉप आणि प्रिंटरसोबत आलेला स्कॅनर आहे. विकतचं सॉफ्टवेअर नको, म्हणून ब्राउझरमध्ये फुकट चालणारं फोटोपी वापरतोय.

अडकलोय ते असं: कापलेल्या प्रत्येक वस्तूच्या कडेला पांढरट रेघ राहते. सगळं एकत्र ठेवलं की वेगवेगळ्या गावचे फोटो गोळा केल्यासारखं दिसतं. पणतीची ज्योत तर अजिबात पेटलेली वाटत नाही. शिवाय लक्ष्मीचं चित्र कुठून घ्यावं म्हणजे हक्कांची भानगड होणार नाही? शेजारीपाजारी गुजराती असल्यामुळे कार्डावर मराठी शुभेच्छांसोबत गुजराती लिपीत ‘साल मुबारक’ही हवंय.

कातरकाम

मांडवीकर, आधी फाइलचं माप पक्कं करा, नंतर वाढवलं तर सगळं धूसर होतं. ५ × ७ इंच ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) १५०० × २१०० पिक्सेल होतात. छापल्यावर कागद कापताना पातं थोडं इकडेतिकडे होतं, त्यासाठी चारही बाजूंना ३ मिमी जास्त ठेवायचं. ३ मिमी म्हणजे ३५ पिक्सेल, तेव्हा फाइल १५७० × २१७० ची करा. पार्श्वभूमी अगदी कडेपर्यंत भरा. अक्षरं आणि देवाचं चित्र मात्र कापायच्या रेषेपासून ५ मिमी, म्हणजे साधारण ६० पिक्सेल, आत असू द्या.

आता ती पांढरी रेघ. वस्तू पांढऱ्या भिंतीसमोर किंवा पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढला की कडेच्या पिक्सेलांमध्ये वस्तू आणि पांढरा रंग मिसळलेले असतात. निवड कितीही नेमकी करा, ते मिसळलेले पिक्सेल सोबत येतातच. उपाय दोन. पहिला म्हणजे निवड झाल्यावर सिलेक्ट मेनूत मॉडिफाय, त्यात कॉन्ट्रॅक्ट (निवड आत सरकवणं), २ पिक्सेल. मग फेदर (कड मऊ करणं) अर्धा ते एक पिक्सेल, आणि त्यानंतर लेअर मास्क, म्हणजे नको तो भाग न खोडता झाकणारा पडदा. खोडरबर वापरू नका, खोडलेलं परत येत नाही. मास्कवर पांढऱ्या ब्रशने फिरवलं की गेलेला भाग परत मिळतो.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, आणि चित्रकला न येणाऱ्याला तोच तारतो: कड लपवायचीच नाही, उलट दाखवायची. पॉलिगोनल लॅसोने वस्तूभोवती २-३ मिमी जागा सोडून, सरळ सरळ तुकड्यांनी, कात्रीने कापावं तसं कापा. प्रत्येक वळण गोल करायच्या फंदात पडू नका. ती सोडलेली जागा एका वेगळ्या लेअरवर साईच्या रंगाने भरा, वस्तू तिच्यावर ठेवा. वस्तू आधीच बारीक कापलेली असेल तर लेअर स्टाइलमध्ये स्ट्रोक, पोझिशन आउटसाइड, १४ पिक्सेल द्या. छापल्यावर ती कड सव्वा मिलिमीटरच्या आसपास येते. पणती, करंजी, आकाशकंदील सगळ्यांना तीच कड दिली की वेगवेगळ्या ठिकाणचे फोटो एकाच हाताने कापल्यासारखे दिसू लागतात. तुमच्या दुसऱ्या अडचणीतला निम्मा भाग इथेच सुटतो.

उरलेला निम्मा भाग उजेडाचा आणि रंगाचा. सगळ्या वस्तूंवर उजेड एकाच बाजूने यायला हवा. खिडकीशी टेबल ठेवा, खिडकी डावीकडे. फ्लॅश बंद. वस्तूमागे करडा किंवा मातकट कागद लावा, पांढरा नको. कॅमेऱ्याची उंचीही तीच ठेवा. एक पणती वरून आणि दुसरी समोरून टिपली तर त्या एका पाटावर कधीच बसणार नाहीत. मग ड्रॉप शॅडोचा कोन सगळीकडे १२० अंश, म्हणजे उजेड डावीकडून वरून. अपारदर्शकता ३५ टक्के, अंतर ८, आकार १०. सावलीचा रंग काळा न ठेवता पार्श्वभूमीचाच गडद केलेला रंग घ्या. काळी सावली छपाईत मळ बसल्यासारखी दिसते. पुढच्या वस्तूचं अंतर १४ करा, मागच्याचं ५, की थर आपोआप उलगडतात.

रंग पाचच्या वर नेऊ नका. पार्श्वभूमीला गडद वांगी (लाल ५९, हिरवा २८, निळा ७४), मग हळदी, झेंडूचा केशरी, कुंकवाचा लाल आणि साईचा पांढरा. फोटोत याबाहेरचं काही असेल, उदाहरणार्थ निळी प्लॅस्टिकची थाळी, तर ह्यू-सॅच्युरेशनमधून फक्त निळ्याची संपृक्तता उतरवा. सगळ्यात वर उबदार केशरी रंगाचा एक भरीव लेअर, सॉफ्ट लाइट, १५ टक्के. त्याने सगळे तुकडे एका उन्हात आल्यासारखे होतात.

फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं. टॅब बंद झाला की काम गेलं. दर थोड्या वेळाने पीएसडी (लेअरसकट फाइल) उतरवून ठेवा.

जुनी_पानं

हक्कांबद्दल. भारतात चित्रकाराच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यामुळे त्यांची लक्ष्मी, सरस्वती केव्हाच मोकळी झाली आहेत. विकिमीडिया कॉमन्सवर त्यांच्या छापील चित्रांच्या मोठ्या फाइली मिळतात. उतरवताना रुंदी बघा: कार्डावर लक्ष्मी ३ इंच रुंद हवी असेल तर फाइल किमान ९०० पिक्सेल रुंद हवी. एक सावधगिरी घ्या. रविवर्म्यांनी १८९४ साली काढलेला छापखाना त्यांच्या पश्चातही चालू राहिला आणि त्यातून इतर चित्रकारांचीही चित्रं निघाली. ‘रविवर्मा प्रेस’ एवढ्यावर विसंबू नका, चित्रकाराचं नाव शोधा.

जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं स्कॅन करायचा मोह सगळ्यांना होतो. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचे हक्क २०३१ संपेपर्यंत शाबूत आहेत. कॅलेंडरवरच्या देवादिकांचंही बहुतेक तेच. कपाटात जुनं कॅलेंडर आहे म्हणून चित्र आपलं होत नाही.

बडोद्याचं काही हवं असेल तर तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं बघा. एकोणिसाव्या शतकातली आहेत, मराठी धाटणीची, आणि त्यातल्या वेलबुट्टीच्या पट्ट्या कार्डाच्या काठासाठी फार सुरेख. वाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तेव्हा फोटोबद्दल दारावरच विचारून घ्या. कीर्ती मंदिरातली नंदलाल बोस यांची चित्रं मात्र तूर्त सोडा. बोस १९६६ साली गेले, त्यांचे हक्क २०२६ च्या अखेरीस संपतात. इमारतीचा फोटो काढून छापायला कायद्याने मोकळीक आहे, पण ती वास्तू आणि शिल्पांना आहे, भिंतीवरच्या चित्रांना नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आणि क्लीव्हलंडच्या संग्रहालयाने २०१९ पासून हक्कमुक्त कलाकृतींचे फोटो सीसी झिरो परवान्याने, म्हणजे कुठल्याही अटीविना, खुले केलेत. राजस्थानी, पहाडी लघुचित्रांतली कमळं, केळीची झाडं, हत्ती, मोर यांचं कोलाजसाठी सोनं होतं. शोधताना ‘ओपन ॲक्सेस’ची खूण लावा. कॉमन्सवर सीसी बाय असेल तर नाव द्यावं लागतं, कार्डाच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात चालतं. सीसी बाय-एसए असेल तर तुमचं कोलाजही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. मंडळाच्या कार्डासाठी तो व्याप कशाला.

मांडवीकर

खूप उपयोगी. कड दाखवायची युक्ती लगेच करून पाहिली, पांढऱ्या रेघेचा प्रश्नच उरला नाही. ज्योत अजून अडली आहे. काळ्या पार्श्वभूमीवरचा ज्योतीचा फोटो स्क्रीन मोडमध्ये ठेवला, तर ज्योत जवळजवळ गायब होते. माझी पार्श्वभूमी सध्या साईच्या रंगाची आहे.

कातरकाम

पार्श्वभूमीमुळेच. स्क्रीन मोड खालचा रंग फक्त उजळ करतो. खाली आधीच फिकट रंग असेल तर उजळायला जागा नसते, त्यामुळे ज्योत विरते. स्क्रीन वापरायचा तर खाली गडद हवं. वांगी, गडद निळा, काळपट हिरवा.

पणती आणि ज्योत वेगवेगळ्या टिपा. पणती दिवसा, न पेटवता, म्हणजे मातीचा पोत आणि वातीचा पीळ नीट येतो. ज्योत रात्री, मागे काळं कापड, पंखा बंद. फोनच्या पडद्यावर ज्योतीवर बोट ठेवा आणि उजेडाची खूण खाली ओढा, ज्योतीच्या मुळाशी निळसर आणि मध्ये पिवळा असे दोन रंग वेगळे दिसेपर्यंत. फोन आपणहून ठरवेल तर ज्योत पांढऱ्या ठिपक्यासारखी येते आणि तिला आकारच राहत नाही. फोटोपीत लेव्हल्स उघडून डावीकडचा काळा बाण थोडा आत घ्या. कापडाचा करडेपणा शुद्ध काळा झाला नाही तर स्क्रीनमध्ये ज्योतीभोवती चौकोन दिसतो.

एवढं करूनही ज्योत चिकटवलेली वाटते, कारण तिचा उजेड आजूबाजूला पडलेला नसतो. नवा लेअर घ्या, मोड स्क्रीन, मोठा मऊ ब्रश, रंग केशरी, अपारदर्शकता ४० टक्के, आणि ज्योतीवर एकदाच टिचकी. व्यास ज्योतीच्या उंचीच्या चार-पाच पट. हा लेअर पणतीच्या काठाच्या, शेजारच्या झेंडूच्या, अगदी लक्ष्मीच्या पदराच्याही वर असू द्या. उजेड त्यांच्यावर सांडला की ज्योत पेटते.

रेघ_आणि_रंग

गडद पार्श्वभूमीचा आग्रह मला पटत नाही. सकाळच्या अभ्यंगस्नानाची, फराळाची दिवाळी साईच्या रंगावरच शोभते. तसं हवं असेल तर ज्योतीचा फोटो वापरूच नका. पतंगाचा पिवळा आणि केशरी कागद स्कॅन करा, त्यातून दोन पानांच्या आकाराचे तुकडे कापा, मोठा केशरी आणि त्यात छोटा पिवळा. खालच्या केशरी तुकड्याच्या लेअरवर मल्टिप्लाय मोड (खालचा रंग गडद करत मिसळणारा) लावला की पतंगाच्या कागदासारखं आरपार दिसतं. आकाशकंदीलही असाच होतो: उभी पट्टी, तिच्या सहा प्रती, एक सोडून एक थोडी गडद, खाली झिरमिळ्या. कागदाच्या ज्योतीला कुणी पेटण्याची अपेक्षा करत नाही, पण ती गोड दिसते.

स्कॅनरबद्दल: प्रिंटरसोबतचे बहुतेक स्कॅनर पातळ बनावटीचे असतात, काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट येतं. कागद, साडीचा काठ, पिंपळपान, झेंडूच्या सुट्या पाकळ्या उत्तम येतात. अख्खा झेंडू आणि चकली वरच्या भागात धूसर होतात, त्यांचा फोटोच काढा. कागदासाठी ३०० डीपीआय पुरे. पाकळीसारखं लहान काही मोठं करून वापरायचं असेल तर ६००. त्या मापाला ५ सेमीची वस्तू सुमारे ११८० पिक्सेल येते, म्हणजे कार्डावर दुप्पट मोठी केली तरी फाटत नाही. झाकण उघडं ठेवून खोलीत अंधार केला तर मागे काळं येतं आणि निवड सोपी जाते. काचेवर आधी पारदर्शक प्लॅस्टिक अंथरा, पाकळीचा रस काचेला लागतो.

रांगोळीही न काढता होते. चौकोनी फाइलमध्ये एक पाकळी मधल्या उभ्या रेषेवर वरच्या बाजूला ठेवा. तिची प्रत खाली, उलटी, मध्यापासून तेवढ्याच अंतरावर. दोन्ही लेअर एक करा. आता या जोडीचा मध्य हाच रांगोळीचा मध्य झाला, कुठलंही सॉफ्टवेअर तिला तिथूनच फिरवेल. जोडीच्या पाच प्रती काढा आणि त्या ३०, ६०, ९०, १२०, १५० अंशांत फिरवा. शिफ्ट दाबून फिरवलं की १५-१५ अंशांनीच फिरतं. बारा पाकळ्यांचं फूल तयार. आतल्या फेरीसाठी तेच ६० टक्के करून १५ अंश फिरवा. तंतोतंत सारखं नको असेल तर दोन-तीन पाकळ्या दुसऱ्या स्कॅनमधून बदला, नाहीतर यंत्राने छापल्यासारखं कोरडं दिसतं.

जुनी_पानं

वरच्या उत्तरात एक भर घालायलाच हवी. पणतीच्या प्रती करताना काही आडव्या पलटल्या तर बिघडत नाही, उजेड समोरून असेल तर. पण स्वस्तिक, ओम, शंख, गणपतीची सोंड, देवीचा उजवा हात आणि पदर यातलं काहीही असलेला तुकडा कधीही पलटू नका. स्वस्तिकाची दिशा उलटी होते, आशीर्वादाचा हात डावा होतो. रांगोळी आरशासारखी करताना हे नकळत होऊन जातं. लक्ष्मीची पावलंही तपासा, एक डावं आणि एक उजवं हवं आणि बोटं घराच्या आत वळलेली.

देवाचं चित्र कापायच्या कडेवर किंवा घडीच्या रेषेवर येऊ देऊ नये, हेही तितकंच महत्त्वाचं.

ऑफसेट_रावपुरा

छपाईबद्दल. पडद्यावरचा झगझगीत केशरी आणि राणी कागदावर तसा येत नाही. पडदा उजेडाने रंग दाखवतो, कागदावर चार शाया एकमेकींवर बसतात, आणि त्यांचा आवाका लहान. राणी थोडा मातकट होतो, केशरी विटकरीकडे झुकतो. म्हणून पडद्यावरच संपृक्तता १०-१५ टक्के उतरवून बघा. त्यातही चित्र आवडत असेल तर छापूनही आवडेल. २०० प्रती डिजिटल मशीनवर निघतात, ऑफसेटची प्लेट काढणं परवडत नाही. आधी एक प्रत त्याच कागदावर काढून मागा, दुसऱ्या कागदावरचा नमुना काही सांगत नाही. ३०० जीएसएम आर्ट कार्ड घ्या.

गडद वांगी पार्श्वभूमी असेल तर मॅट लॅमिनेशन करून घ्या. नाहीतर बोटांचे ठसे उठतात आणि कापलेल्या कडेला शाईचे टवके उडून पांढरं दिसतं. गडद रंगावर पांढरी अक्षरं ९ पॉइंटच्या खाली नकोत, शाई आत सरकते आणि मात्रा, अनुस्वार बुजतात.

मांडवीकर

अक्षरांचं राहिलंच. मराठी आणि गुजराती शेजारीशेजारी लिहिली की दोन वेगळ्या पाट्या लावल्यासारखी दिसतात.

शिरोरेषा

जोडीने घडवलेले फाँट घ्या. ‘मुक्त’ देवनागरीसाठी, त्याचाच गुजराती भाऊ ‘मुक्त वाणी’. गोलसर हवं असेल तर ‘बालू २’ आणि ‘बालू भाई २’. तिसरी जोडी ‘अनेक देवनागरी’ आणि ‘अनेक गुजराती’. सगळे गुगल फाँट्सवर खुल्या परवान्याने मिळतात, छापायला अडचण नाही. गुजरातीला शिरोरेषा नसल्यामुळे त्याच मापात ती ओळ हलकी दिसते. तिला एक वजन जाड घ्या, म्हणजे मराठी मिडियम तर गुजराती सेमीबोल्ड. फोटोपीत फाँटची फाइल ओढून सोडली की चालू होतो. पारंपरिक वळण हवं असेल तर मोठ्या मथळ्याला ‘तिरो देवनागरी मराठी’. त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात.

‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ टाइप करून ‘र्दि’ आणि ‘च्छा’ मोठे करून बघा. रफार ‘द’वर न बसता बाजूला पडला किंवा पाय मोडलेला ‘च्’ सुटा दिसला तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरी नीट जुळवता येत नाही. मग ती ओळ इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून, अक्षरांचे आकार (पाथ) करून एसव्हीजी फाइल म्हणून आणा. छापखान्यात पाठवण्याआधी अक्षरांच्या लेअरवर उजवी टिचकी, कन्व्हर्ट टू शेप. नाहीतर त्यांच्या संगणकावर तो फाँट नसतो आणि जोडाक्षरं सुटतात. मूळ फाइल अक्षरांसकट वेगळी जपा, पुढच्या वर्षी मजकूर बदलता येईल.

फोटोंवर थेट अक्षरं लिहू नका. साईच्या रंगाची फाटक्या कडेची कागदी पट्टी स्कॅन करून तिच्यावर लिहा. वाचताही येतं आणि कोलाजमध्ये मिसळूनही जातं.

कातरकाम

व्हॉट्सॲपचं तेवढं सांगतो. ५ × ७ ची फाइल तशीच पाठवू नका, १०८० × १३५० ची वेगळी करा. प्रमाण बदलतं, तेव्हा वरून-खालून पार्श्वभूमी कापून तुकडे पुन्हा मांडा, चित्र दाबून बसवू नका. कड १४ ऐवजी १० पिक्सेल. कार्डावर कागदाचा पोत येण्यासाठी सगळ्यात वर ३ टक्के एकरंगी नॉइज (बारीक कण) छान दिसतो, पण व्हॉट्सॲपच्या प्रतीत तो काढा किंवा १ टक्का ठेवा. पाठवताना फाइल दाबली जाते, बारीक कण दाबायला कठीण, म्हणून तेवढ्याच जागेत बाकीच्या चित्राचे ठोकळे होतात. गडद वांगी रंगात ते लगेच डोळ्यांत भरतात. जेपीजी ९० टक्क्यांवर उतरवा आणि पाठवताना एचडी निवडा. पदाधिकाऱ्यांना पुढे पाठवायला द्यायची प्रत डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तिच्यात काही बदल होत नाही.